निकाल लागेपर्यंत मक्ता संपतो

बेंगळुरूच्या मागडी रस्त्यावर सुंकदकट्टे नावाची दाट वस्ती आहे. कन्नडमध्ये 'सुंक' म्हणजे जकात आणि 'कट्टे' म्हणजे आपला कट्टाच. कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात रद्द करून तिच्या जागी प्रवेशकर आणला. जकात गेली, नाव राहिले. आपल्याकडेही मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराबरोबर संपली, तरी मुलुंड चेकनाक्याला रिक्षावाला आजही चेकनाकाच म्हणतो.

नाका मी लहानपणी पाहिला तो एका घर-बदलाच्या वेळी. टेम्पोत घरसामान होते. नाक्यावरचा माणूस फळीवर चढला, हातातली लोखंडी सळई त्याने धान्याच्या पोत्यात खुपसली, बाहेर काढून टोक पाहिले आणि खाली उतरून काहीएक रक्कम सांगितली. वडील म्हणाले, "घरचं सामान आहे, यावर जकात नाही." तो म्हणाला, "मग सकाळपर्यंत थांबा, साहेब आल्यावर बोला." वडिलांनी पैसे दिले. कार्बन घातलेल्या पुस्तकातून पावती फाटली, तिच्यावर नगरपालिकेचे नाव होते. तो माणूस मात्र ठेकेदाराचा होता. कर पालिकेचा आणि हात दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. या लेखाचा विषय त्या हाताची नेमणूक आणि तिच्यावरून न्यायालयात झालेल्या लढाया हा आहे.

मराठीला या व्यवहाराची जुनी ओळख आहे. ठरावीक रक्कम सरकारात भरायची आणि वसुलीचा हक्क आपल्याकडे घ्यायचा, याला मक्ता किंवा इजारा म्हणत. पेशवाईत कमाविसदार मामलत हाती घेताना 'रसद' म्हणून आगाऊ रक्कम भरत. चांगल्या काळात त्यांच्यावर पुणे दरबाराची हिशेबतपासणीही असे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती सरळ जास्त बोली लावणाऱ्याला जाऊ लागल्या. बोली चढली तसा रयतेवरचा बोजा चढला आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. मक्तेदारी आणि इजारेदारी हे शब्द आज आपण बाजारातल्या एकाधिकारासाठी वापरतो, पण त्यांचे मूळ करवसुलीत आहे. फ्रान्समध्येही हेच घडले. पॅरिसभोवती जकातीची भिंत घालणाऱ्या करमक्तेदारांच्या मंडळात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए भागीदार होता आणि १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो या मक्तेदारीपायी.

स्वतंत्र भारतात राज्यघटना आली आणि मक्ता कायद्याच्या चौकटीत आला. कलम २६५ म्हणते की कायद्याच्या आधाराविना कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे कर बसवणे हे सार्वभौम काम. वसुलीसाठी अभिकर्ता नेमता येतो, पण कायदा तशी वाट देत असेल तरच. कलम १४ समान वागणुकीची हमी देते आणि कलम २२६ उच्च न्यायालयाचे दार उघडते. या तीन कलमांच्या आधारावर ठेक्यांचे सगळे खटले उभे राहिले. त्यातला एक अगदी आरंभीचा खटला बेंगळुरूचाच आहे.

तो करवसुलीचा नव्हता, मद्यविक्रीच्या मक्त्याचा होता. पण महसूल लिलावाने विकण्याची रीत तीच. १९५३-५४ या वर्षासाठी बेंगळुरू शहर, तालुका आणि जिल्ह्यातला मक्ता एप्रिल १९५३ मध्ये लिलावाला निघाला. के. एन. गुरुस्वामी यांची बोली सर्वांत मोठी ठरली, महिन्याला ३,३०,००० रुपये. लिलाव त्यांच्या नावे तुटला, फक्त वरिष्ठांची मंजुरी बाकी होती. त्यांचा एक प्रतिस्पर्धी त्या लिलावाला हजर होता, पण त्याने तिथे बोली लावलीच नाही. नंतर तो परस्पर अबकारी आयुक्तांकडे गेला आणि थोडा जास्त देकार देऊन आला. आयुक्तांनी मक्ता त्याला द्यायला सांगितले. गुरुस्वामी म्हैसूरच्या उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले आणि सर्वोच्च न्यायालयात आले.

निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी मांडलेला कायदा आजही तितकाच खणखणीत आहे. सर्वांत मोठी बोली लावली म्हणून मक्ता मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. पण मक्ता ज्या रीतीने द्यायचा ती रीत नियमांनी ठरवलेली असेल, तर ती पाळली जावी असे म्हणण्याचा हक्क त्या धंद्यातल्या माणसाला आहे. जाहीर लिलाव करायचा आणि मग बंद दाराआड दुसऱ्याला मक्ता द्यायचा, हे बेकायदा. एवढे सगळे गुरुस्वामींच्या बाजूने बोलून झाल्यावर न्यायालयाने अपील फेटाळले. कारण प्रकरण दिल्लीपर्यंत येऊन सुनावणीला लागेपर्यंत मक्त्याचे वर्ष सरत आले होते, जेमतेम पंधरवडा उरला होता. यात गुरुस्वामींची काही चूक नाही, लवकर सुनावणीसाठी त्यांनी धडपड केली होती, हेही न्यायालयाने नोंदवले. पण निरर्थक आदेश काढण्याची रीत नसल्याने कायदा सांगून थांबावे लागले.

हा १९५४ चा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. ठेक्यांच्या खटल्यांवर पुढे सत्तर वर्षांत हजारो पाने लिहिली गेली, तरी सगळ्या प्रश्नाचे मर्म त्या पंधरवड्यात आहे असे मला वाटते. पुलाचा ठेका चुकीच्या माणसाला गेला, तरी पूल उभा राहतो. त्याची मोजदाद होते, बिल अडवता येते. वसुलीच्या ठेक्यात माल म्हणजे दिवसच. नाक्यावरचा गेला दिवस परत येत नाही, त्या दिवशी गोळा झालेले पैसे कोणाच्या खिशात गेले हे नंतर शोधता येत नाही. म्हणून इथे उशिरा मिळालेला निकाल नुसता उशिराचा राहत नाही, तो रिकामा होतो.

पुढचा मोठा टप्पा मुंबईचा. सांताक्रूझ विमानतळावरच्या दुय्यम श्रेणीच्या उपाहारगृहासाठी निविदा निघाली. अट अशी की निविदाकार पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलवाला हवा. ठेका मिळालेल्या संस्थेला कँटीन चालवण्याचा अनुभव होता, तसल्या हॉटेलचा नव्हता. १९७९ मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितले की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिलाही बांधते. मनात आले म्हणून ती सोडून देता येत नाही. इथेही अर्जदाराला हाती काही लागले नाही. तो उशिरा आला होता, मधल्या काळात ठेकेदाराने खर्च करून बस्तान बसवले होते आणि अर्जदाराच्या मागे दुसराच कोणी उभा असल्याचा न्यायालयाला संशय आला. बेंगळुरूत कायदा जिंकला आणि अर्जदार हरला, मुंबईतही तेच झाले.

तरीही या दोन निकालांनी पालिकांची कार्यालये बदलली. बयाणा रक्कम, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, शुद्धिपत्रक ही सगळी शिस्त न्यायालयांच्या धाकाने आली आहे. आणि ती शिस्त मोडली की काय होते, याचा सर्वांत नेमका दाखला जकातीच्याच ठेक्यातून, उल्हासनगरमधून मिळाला.

उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर कॅम्पांत वसलेले सिंधी निर्वासितांचे, कारखानदारीचे आणि व्यापाराचे शहर. १९९६ मध्ये तिथे महापालिका झाली. जकात हेच उत्पन्नाचे मुख्य साधन आणि ती वसूल करायला अभिकर्ता नेमायचा, म्हणून २००० मध्ये निविदा मागवल्या. निविदेच्या अटींत कलम ६(अ) होते: निविदाकाराला जकात वसुलीचा पूर्वानुभव हवा. निविदा भरण्याची मुदत संपली. लिफाफे अजून उघडायचे होते. मधल्या त्या फटीत महापालिकेने ही अट काढून टाकली. ज्या कंपनीला जुन्या अटीत जागा नव्हती, तिचा देकार सर्वांत मोठा निघाला आणि ठेका तिला गेला. ही कंपनी म्हणजे मोनार्क इन्फ्रास्ट्रक्चर. तिच्या प्रतिस्पर्ध्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

महापालिकेचे म्हणणे वरवर पाहता पटण्यासारखे होते. अट सैल केल्याने स्पर्धा वाढली, पैसा जास्त आला, मग नुकसान कोणाचे? न्यायालयाने बोट ठेवले ते गैरहजर माणसांवर. अनुभवाची अट वाचून ज्यांनी निविदाच भरली नाही, त्यांना अट गेल्याचे कळते तर तेही आले असते. कदाचित त्यांचा देकार आणखी मोठा असता. खेळाडू मैदानात उतरल्यावर डावाचे नियम बदलण्यासारखे हे झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले, ठेका रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला आणि प्रक्रिया नव्याने करायला सांगितली. या वेळी निकाल काही महिन्यांत लागला, मक्त्याचा बराच काळ अजून शिल्लक होता आणि म्हणून निकालाला वजन आले. गुरुस्वामी आणि उल्हासनगर यांत कायद्याचा फारसा फरक नाही. फरक आहे तो दिनदर्शिकेचा.

१९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालये मात्र सावरून बसली होती. ठेका कोणाला द्यावा हे आम्ही ठरवणार नाही, तो कसा दिला एवढेच पाहू, ही भूमिका तेव्हा पक्की झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या एका निविदेवरून आलेल्या रौनक इंटरनॅशनल खटल्यात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आणखी एक मुद्दा जोडला. स्थगिती मागणाऱ्याने तिच्यामुळे होणाऱ्या खोळंब्याची जबाबदारीही घ्यावी, हरला तर भरपाई द्यावी. जगदीश मंडल खटल्यात न्यायालयाने अर्जदारांच्या दुखावलेल्या अहंकाराची आणि धंद्यातल्या वैराची उघड दखल घेतली. कर्नाटकाच्या राज्य परिवहन महामंडळाने टायर खरेदीसाठी वाहन कारखान्यांना थेट पुरवठा करणाऱ्यांचीच अट घातली, तेव्हा २०१२ च्या मिशिगन रबर निकालात ती अट टिकली, कारण प्रवाशांच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध दिसत होता. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या ॲफकॉन्स खटल्यात तर निविदेचा अर्थ लावण्याचा पहिला मान ती लिहिणाऱ्यालाच मिळाला. २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या ठेक्यावरून सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थगिती देण्याचे टाळा, ठेका चुकीचा ठरला तर नुकसानभरपाई द्या.

हा प्रवाह रस्ते, पूल, टायर यांच्यासाठी मला मान्य आहे. रस्ता अडकला की सगळ्यांचेच नुकसान. पण तेच सूत्र करवसुलीच्या ठेक्याला लावणे चुकीचे आहे.

खरेदीच्या किंवा बांधकामाच्या निविदेत सर्वांत कमी देकार जिंकतो. देकार कमी म्हणजे जनतेचा पैसा वाचला, इतके ते सरळ असते. वसुलीच्या निविदेत सर्वांत जास्त देकार जिंकतो, आणि तो पैसा आकाशातून पडत नाही. आधी गळती होती ती ठेकेदाराने थांबवली, म्हणून तो जास्त देऊ शकतो, ही एक शक्यता. तो नाक्यावर जास्त सळया खुपसणार आहे, ही दुसरी. दोन्ही शक्यता त्या एकाच आकड्यात दडलेल्या असतात आणि लिफाफा उघडताना त्या वेगळ्या काढता येत नाहीत. न्यायालयात मात्र मोठा आकडा म्हणजे सार्वजनिक हित असे गृहीत धरले जाते. पालिकेचा वकील रोजच्या बुडणाऱ्या लाखांचा हिशेब मांडतो आणि न्यायालयाचे मन कलते. ज्याच्या टेम्पोतून ते लाख निघणार, तो खटल्यात कुठेच नसतो. मक्त्यासाठी भांडणारे दोन मक्तेदार आणि लिलाव करणारी पालिका, एवढेच पक्षकार. एल्फिन्स्टनला जी रयत दिसली, ती आपल्या निविदा-कायद्याच्या पानांवर क्वचितच दिसते.

फुगवलेल्या देकाराचे पुढे काय होते, हे दिल्लीने पाहिले. तिथल्या महापालिकांनी शहराच्या १२४ प्रवेश-ठिकाणांवर व्यापारी वाहनांकडून टोलकर घेण्याचा ठेका २०१७ मध्ये मुंबईच्या एका कंपनीला वर्षाला १,२०६ कोटी रुपयांना दिला. पुढे भरणा थकला, वसुली अपेक्षेइतकी होत नाही अशी तक्रार सुरू झाली, मग टाळेबंदी आली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. बोली लावताना डोळे उघडे ठेवायचे होते, नंतर परवडत नाही म्हणून रिट अर्जातून सुटका नाही, हे पंजाबच्या मद्य-लिलावांवरून हर शंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगून ठेवले होते. तरी प्रत्येक पिढीतला मक्तेदार ते पुन्हा ऐकायला न्यायालयात येतो, कारण खटला चालू आहे तोवर नाके त्याच्याच ताब्यात असतात.

इथे या क्षेत्रातली सर्वांत दुखरी गोष्ट येते. तिला कार्यालयात 'जैसे थे' म्हणतात. मुदत संपत आलेला जुना ठेकेदार नव्या निविदेतल्या एखाद्या अटीला आव्हान देतो. न्यायालय पहिल्या तारखेला परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगते. वसुली तर थांबवता येत नाही, मग ती कोण करणार? जो करत होता तोच, जुन्या दराने. दोन तारखा पडल्या की महिना गेला, सुट्टी आली की दोन महिने गेले. हरला तरी तेवढी कमाई त्याची झालेली असते. अंतरिम काळाची वसुली वेगळ्या खात्यात जमा करायला लावणे आणि नव्या देकाराइतकी रक्कम रोज भरून घेणे, हा यावरचा साधा उपाय आहे. रौनक निकालातला जबाबदारीचा विचार इथे अक्षरशः लागू करता येतो. ठेकेदाराने नव्या दराने भरायची तयारी दाखवली नाही, की त्याच्या अर्जामागचा हेतू त्या दिवशीच उघडा पडतो.

उलट बाजूही आहे. पालिकाच कधीकधी दिलेला ठेका मोडते आणि कारण सांगते की आता जास्त मिळेल. कोलकात्यातल्या दोन भुयारी मार्गांची देखभाल करून तिथल्या जाहिरातींचे उत्पन्न घेण्याचा आणि प्राधिकरणाला शुल्क भरण्याचा एक ठेका असाच रद्द झाला होता. जुलै २०२४ मध्ये सुबोधकुमार सिंग राठोड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे मनमानी ठरवले. मंत्र्यांच्या सांगण्यावरून कारणे मागाहून शोधली गेली होती, असे त्याला दिसले. नागपूर सुधार प्रन्यासाच्या भूखंड-लिलावावरच्या १९९६ च्या लक्ष्मीकांत निकालाने अधिकाऱ्यांना मोठी मोकळीक दिली होती, कारण मंजुरीपूर्वी सर्वोच्च बोलीवाल्याला हक्क नसतो. पण मंजुरीनंतरची जमीन वेगळी आहे, हे आता स्पष्ट झाले.

बेंगळुरूने या सगळ्या भांडणाला एक वेगळे उत्तरही दिले आणि ते मला महत्त्वाचे वाटते. २००० मध्ये तिथल्या महापालिकेने मालमत्ताकराची स्वयंआकारणी सुरू केली. घरमालकाने आपले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर स्वतः लिहायचा, तक्त्यावरून कर काढायचा आणि भरायचा. नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालच्या बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्सच्या काळातली ही सुधारणा. पुढे २००८ पासून शहराचे ए ते एफ असे सहा विभाग करून दर चौरस फुटाचे मूल्य ठरले. आता शहराच्या त्या एका महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या तरी कर भरणारा आणि पालिका यांच्यामध्ये कोणी मक्तेदार उभा नाही. भांडणे संपली नाहीत. चुकीचा विभाग दाखवल्याच्या नोटिसा येतात, व्याजावरून वाद होतात. पण ते वाद करदात्याचे स्वतःचे आहेत, तो स्वतः पक्षकार आहे. रांचीसारख्या शहरांत मालमत्ताकराची दारोदार वसुली खासगी संस्थांना टक्केवारीवर दिली गेली. तिथे ठेका कोणाचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, मुंबई वगळता महापालिकांत २०१० पासून स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरून तोही उठला. जकातीचे ठेके इतिहासजमा झाले, पण मक्ता गेला नाही. आठवडी बाजाराची बैठक-वसुली, वाहनतळ, जाहिरात फलक यांचे ठेके आजही निघतात. रकमा लहान, ठेका बहुधा वर्षाचा, आणि पावती फाडली जाते ती भाजीवालीची. एवढ्या ठेक्यासाठी उच्च न्यायालयात कोण जाणार आणि गेलाच तर वर्ष संपण्याआधी सुनावणी कशी होणार?

कर्नाटकात निविदा-पारदर्शकतेचा १९९९ चा कायदा आहे. त्याच्या कलम १६ खाली निविदाकाराला ३० दिवसांत अपील करता येते. आधी कार्यालयातच दाद मागण्याची ही सोय चांगली आहे, महाराष्ट्राने तिचा अभ्यास करावा. पण अपिलाच्या ३० दिवसांत कार्यादेश निघून नाके ताब्यात गेले असतील, तर अपील जिंकूनही हाती जुनाच पंधरवडा येतो. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशाप्रमाणे ठेका कोणाला मिळणार हे कळवल्यावर करारावर सही करण्याआधी किमान १० दिवस थांबावे लागते. हरलेल्याने यायचे असेल तर त्या दहा दिवसांत यावे. आपल्या पालिकांत मात्र देकार उघडणे, स्थायी समितीची मंजुरी आणि कार्यादेश या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात उरकल्या जाऊ शकतात, आणि वर्षभराच्या बाजार-वसुलीच्या ठेक्यात तर एकाच संध्याकाळी.